टेलपर्यंत पाणी का पोचत नाही? पंचवार्षिक योजनांची गोष्ट, सोप्या भाषेत

माझ्या आजोळच्या शिवारातून एक चारी जाते. चारी म्हणजे कालव्याची सगळ्यात शेवटची फांदी, शेतात पाणी आणून सोडणारी. कालव्याच्या शेवटच्या टोकाला 'टेल' म्हणतात. ती खोदली तेव्हा माझी आई शाळेत होती. मामाच्या वावराचा एक पट्टा तिच्यात गेला, मोबदला बऱ्याच वर्षांनी हातात आला. जमीन लाभक्षेत्रात आली म्हणून सातबाऱ्यावर 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा पडला आणि ती परवानगीशिवाय विकता येईना. एवढं सगळं झालं, पाणी मात्र आलं नाही. एकदा चाचणी म्हणून सोडलं होतं, ते अलीकडच्या दोन गावांतच जिरलं. आज त्या चारीत बाभळी उभ्या आहेत. गावातली पोरं तिच्यातूनच शाळेत जातात, कारण रस्त्यापेक्षा ती वाट सरळ आहे.

सरकारी हिशेबात ही चारी पूर्ण झालेली आहे. तिच्याखालच्या जमिनीवर 'सिंचनक्षमता निर्माण झाली' असं नोंदलेलं आहे.

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. पंचवार्षिक योजनांचा धडा आला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, बारा योजना झाल्या ना, मग आमच्या गावात एसटी दिवसातून एकदाच का येते?" प्रश्न अगदी रास्त आहे. 'भ्रष्टाचार' असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता येतं. पण भ्रष्टाचार नसता तरी बरंच काही असंच घडलं असतं, असं मला वाटतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

योजना म्हणजे नेमकं काय

घर बांधायला काढलं की तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. किती खोल्या हव्यात, पैसा कुठून आणायचा आणि आधी काय, नंतर काय करायचं. देशाच्या योजनेतही हेच असतं. उद्दिष्ट, पैसा आणि क्रम. आपल्याकडे उद्दिष्टाची चर्चा सगळ्यात जास्त होते, पैशाची त्याहून कमी आणि क्रमाची जवळजवळ होतच नाही. घोटाळा बहुतेक वेळा क्रमातच होतो.

भारतात नियोजन आयोग १५ मार्च १९५० रोजी स्थापन झाला, तोही मंत्रिमंडळाच्या एका ठरावाने. संविधानात त्याचा उल्लेख नव्हता, त्याच्यासाठी वेगळा कायदाही नव्हता. तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मथाई यांना हे दुसरं समांतर मंत्रिमंडळ वाटलं आणि त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. त्यांच्या जागी चिंतामणराव देशमुख आले. ते आधीपासून नियोजन आयोगाचे सदस्य होते, त्यामुळे योजना लिहिणारा आणि तिजोरी सांभाळणारा माणूस काही वर्षं एकच राहिला. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला. पहिल्या योजनेचा काळ, १९५१ ते १९५६, जवळपास त्यांच्याच कारकिर्दीचा. या योजनेचं वाढीचं उद्दिष्ट वर्षाला २.१ टक्के होतं, वाढ झाली सुमारे ३.६ टक्के. पाऊसपाण्याने चांगली साथ दिली हे यशाचं मोठं कारण होतंच. पण लिहिणारा आणि देणारा यांच्यात तेव्हा अंतर नव्हतं, हेही मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

पुढचे आकडे बघा. तिसऱ्या योजनेचं (१९६१-६६) उद्दिष्ट ५.६ टक्के, हाती आले सुमारे २.८. चौथीचं (१९६९-७४) ५.७, हाती आले सुमारे ३.३. या दोहोंच्या मधे, १९६६ ते १९६९, पंचवार्षिक योजनाच नव्हती. या काळाला 'योजनेची सुट्टी' म्हणतात.

उतारा

साखर कारखान्याच्या भागातल्या माणसाला 'उतारा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली तर उतारा अकरा टक्के. योजनाकारांचं गणितही उताऱ्याचंच असतं. समजा, चार रुपये गुंतवले की देशाचं उत्पन्न वर्षाला एका रुपयाने वाढतं. मग राष्ट्रीय उत्पन्नाचा २० टक्के हिस्सा गुंतवला की वाढ ५ टक्के. गुंतवणूक वाढवा, वाढ वाढेल. जगभरच्या नवस्वतंत्र देशांच्या योजना याच हिशेबावर उभ्या होत्या.

कारखान्याच्या शेतकी विभागातला माणूस मात्र लगेच विचारेल, ऊस कोणता, तोडणी कधी झाली आणि गाड्या आवारात किती वेळ उभ्या राहिल्या? तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडला की उतारा घसरतो. गुंतवणुकीचंही तसंच आहे. धरण बांधून झालं आणि कालवे नाहीत, कारखाना उभा राहिला आणि वीज नाही, दवाखान्याची इमारत झाली आणि डॉक्टरचं पद मंजूर नाही. या सगळ्यात पैसा गुंतून राहतो आणि उत्पन्न शून्य. कागदावर उतारा चारास एक धरलेला असतो, प्रत्यक्षात तो सहास एक किंवा आठास एक होतो. पहिल्या योजनेत पावसामुळे उतारा अपेक्षेहून चांगला पडला आणि त्याच भरवशावर दुसऱ्या योजनेचा हिशेब मांडला गेला.

ही दुसरी योजना (१९५६-६१) प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आराखड्यावर बेतलेली होती. आधी पोलाद आणि यंत्रं बनवणारी यंत्रं, मग त्यांतून बाकी सगळं. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर हे पोलाद कारखाने त्याच काळातले. विचार मोठा होता आणि त्यातून देशाला पुष्कळ मिळालंही, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद त्याच वेळी एक साधी गोष्ट सांगत होते. लाखो माणसं बांधकामावर लावाल तर त्यांना आधी खायला लागेल. धान्य, कापड, तेल यांचं उत्पादन आधी वाढवा, नाहीतर हातात मजुरी येईल आणि बाजारात ज्वारी नसेल. बी. आर. शेणॉय यांनी तर १९५५ मध्ये अर्थतज्ज्ञांच्या समितीत बसून भिन्नमत-पत्रिका लिहिली की एवढा पैसा देशाकडे नाही, नोटा छापून योजना चालवाल तर महागाई होईल.

दोन वर्षांत परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत आली. यंत्रं आयात करायची होती आणि धान्यही. १९५६ मध्ये अमेरिकेशी 'पीएल ४८०' या तिथल्या धान्यमदतीच्या कायद्याखाली करार झाला होता, १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांची बैठक बोलवावी लागली. योजना दिल्लीत लिहिली होती, पण ती चालणार की थांबणार हे वॉशिंग्टनमधल्या आणि लंडनमधल्या कर्जावर ठरू लागलं. १९६५ आणि १९६६ चे दुष्काळ, चीन आणि पाकिस्तानशी झालेली युद्धं आणि जून १९६६ मध्ये डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला ते अवमूल्यन, एवढं तिसऱ्या योजनेच्या आणि ती संपल्यानंतरच्या काही महिन्यांच्या पाठीवर पडलं.

गरीब देशाच्या योजनेचं हे पहिलं दुखणं. तिचे धागे बाहेरच्या हातांत असतात, पावसाच्या आणि परदेशी बाजाराच्या. घानाचं उदाहरण घ्या. क्वामे एन्क्रुमा यांनी १९६४ मध्ये सात वर्षांची योजना जाहीर केली, तिचा बराचसा भार कोकोच्या निर्यातीवर होता. १९६५ मध्ये जगात कोकोचा भाव कोसळला, फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि योजना बासनात गेली. एका पिकाच्या भावावर देश बांधायला काढला की काय होतं, हे आपल्याकडच्या कांदा उत्पादकाला वेगळं सांगायला नको.

पैसा असूनही

मग पैसा असला तर? नायजेरियाकडे १९७३ नंतर तेलाचा पैसा अक्षरशः ओसंडत होता. मोठी योजना आखली, बांधकामं काढली, लष्करासाठी बराकी बांधायच्या ठरल्या. सिमेंट हवं म्हणून वेगवेगळ्या खात्यांनी मिळून सुमारे २ कोटी टन सिमेंटची मागणी जगभर नोंदवली. त्यातला मोठा वाटा संरक्षण खात्याचा होता. लागोसच्या बंदरात वर्षाला जेमतेम १० लाख टन सिमेंट उतरवता येत होतं. १९७५ मध्ये लागोससमोरच्या समुद्रात चारशेहून जास्त जहाजं नांगर टाकून उभी होती. त्यांना थांबल्याचं भाडं रोज द्यावं लागत होतं आणि दमट हवेत पोत्यांतलं सिमेंट दगड होत होतं. बंदर अडल्यामुळे बाकीच्या मालाची जहाजंही अडली.

कुणीतरी एकाच टेबलावर बसून सगळ्या खात्यांच्या मागण्यांची बेरीज केली असती आणि बंदराच्या अधिकाऱ्याला एक निरोप पाठवला असता, तर हे टळलं असतं. नियोजन म्हणजे तर तेवढंच काम. ते टेबल नसतं, किंवा असलं तरी त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचं ऐकायला कुणी बांधील नसतं.

दक्षिण कोरियाने १९६१ मध्ये आर्थिक नियोजन मंडळ स्थापन केलं आणि अंदाजपत्रक बनवण्याचं कामही त्याच मंडळाकडे दिलं. योजना लिहिणाऱ्याच्याच हातात पैसा. पहिल्या योजनेचे आकडे चुकतायत असं दिसल्यावर त्यांनी ते मधेच बदलले. निर्यातीचा आढावा राष्ट्राध्यक्ष स्वतः दर महिन्याला घ्यायचे. तिथे तेव्हा लष्करी राजवट होती, कामगारांना आवाज नव्हता, अमेरिकेची मदत होती आणि जमिनीचं फेरवाटप आधीच झालेलं होतं. त्यामुळे 'कोरियासारखं करा' असं मी म्हणत नाही. पण मंजुरी, पैसा आणि तपासणी एकाच ठिकाणी असण्याचा जो फायदा तिथे दिसला, तो लोकशाहीतही मिळवता येण्यासारखा होता.

प्लॅन आणि नॉन-प्लॅन

आपल्याकडे उलट झालं. खर्चाचेच दोन भाग पडले. योजनांतर्गत आणि योजनेतर, सरकारी कचेरीतल्या बोलीत 'प्लॅन' आणि 'नॉन-प्लॅन'. नवं बांधायचं ते प्लॅन, बांधलेलं चालवायचं आणि दुरुस्त करायचं ते नॉन-प्लॅन. शाळेची खोली प्लॅनमध्ये, तिच्या छपराची दुरुस्ती नॉन-प्लॅनमध्ये. धरण प्लॅनमध्ये, कालव्यातला गाळ काढणं आणि पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याचा पगार नॉन-प्लॅनमध्ये.

हळूहळू असा समज घट्ट झाला की प्लॅन म्हणजे विकास, तो वाढला पाहिजे आणि नॉन-प्लॅन म्हणजे उधळपट्टी, ती कापली पाहिजे. तंगी आली की पहिली कात्री दुरुस्तीला. कालवा फुटला, दरवाजे गंजले, पाटकऱ्याचं पद रिकामं राहिलं. माझ्या मते आपल्या नियोजनाचं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं असेल तर ते या दोन रकान्यांनी. रंगराजन समितीने २०११ मध्ये हा भेद काढून टाकायला सांगितलं आणि तो प्रत्यक्षात गेला २०१७-१८ च्या अंदाजपत्रकापासून. तोवर साडेसहा दशकं उलटली होती.

राज्यांना पैसा कसा द्यायचा, याला आधी काही ठरावीक नियमच नव्हता. तो घालून दिला धनंजयराव गाडगीळ यांनी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आयुष्य घालवलेला, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला अध्यक्ष झालेला हा माणूस १९६७ मध्ये नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष झाला. १९६९ च्या 'गाडगीळ सूत्रा'त ६० टक्के वजन लोकसंख्येला होतं. उरलेले चाळीस टक्के दहा-दहा करून चार गोष्टींना दिले होते. सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न, राज्याचे कर गोळा करण्याचे प्रयत्न, चालू असलेले मोठे सिंचन-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी. कुणाच्या मर्जीवर नाही, सूत्रावर पैसा. १९७१ मध्ये दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

सूत्र राहिलं, पण त्याच्या बाजूने केंद्र पुरस्कृत योजना वाढत गेल्या. तुमच्या वाट्याचे इतके टाका, मग आमचे इतके मिळतील. केंद्राचा पैसा सुटू नये म्हणून राज्य स्वतःचा पैसा त्या योजनेत टाकतं, मग जिल्ह्याची गरज वेगळी का असेना. याचं शेवटचं टोक मी ग्रामसभेत पाहिलं आहे. लोकांनी ओढ्यावर मोरी मागितली होती, कारण पावसाळ्यात पलीकडची वस्ती तुटते. ग्रामसेवक म्हणाले, "मोरीला यंदा हेड नाही. पेव्हर ब्लॉकला आहे." हेड म्हणजे लेखाशीर्ष, पैसा ज्या नावाखाली येतो ते नाव. त्या वर्षी मारुतीच्या देवळापुढे पेव्हर ब्लॉक बसले. ग्रामसेवकांचं काही चुकलं नव्हतं. पैसा ज्या नावाने येतो त्याच नावाने खर्च करावा लागतो, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

आणि तोही खर्च करायचा ३१ मार्चच्या आत. 'मार्च एंड' हा शब्द आता मराठीच झाला आहे. एप्रिलमध्ये अंदाजपत्रक मंजूर, जीआर यायला पावसाळा, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता दिवाळीनंतर, निधी बऱ्याचदा फेब्रुवारीत. मग शेवटच्या पंधरवड्यात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात रात्री अकरापर्यंत दिवे चालू, टेबलांवर बिलांचे गठ्ठे, कोषागारात रांग. खर्च झाला नाही तर पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी 'तुम्हाला खर्चता येत नाही' म्हणून कमी मिळतो. ज्या अधिकाऱ्याने घाई केली नाही, नीट मोजमाप घेऊन काम थांबवलं, त्याच्याच तालुक्याला शिक्षा होते. चांगल्या माणसालाही वाईट वागायला लावणारी ही रचना आहे.

सुप्रमा

आता क्रमाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

समजा, जिल्ह्यात दहा पाझर तलाव बांधायचे आहेत, प्रत्येकी एक कोटीचे. दर वर्षी एक कोटी मिळतात. एकेक करून बांधले तर पहिल्या वर्षाअखेर एका गावात पाणी येतं, दुसऱ्या वर्षाअखेर दोन. पण दहाही गावांचे पुढारी म्हणणार, आमचं आधी. म्हणून दहाही तलावांचं भूमिपूजन पहिल्याच वर्षी होतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा लाख येतात. नऊ वर्षं एकाही गावात पाणी नाही. दहाव्या वर्षी तरी येईल? नाही. तोवर सिमेंट, डिझेल, मजुरी, जमिनीचा मोबदला सगळं वाढलेलं असतं. एक कोटीचं काम तीन कोटींचं होतं आणि त्यासाठी नवी मंजुरी लागते, सुधारित प्रशासकीय मान्यता. पाटबंधारे खात्यात तिला 'सुप्रमा' म्हणतात. धरणांच्या भागात हा शब्द शेतकऱ्यांच्याही तोंडी आहे. "काम का थांबलंय?" "सुप्रमा व्हायचीय."

नाव घेऊन सांगायचं तर वैनगंगेवरचा, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळचा गोसीखुर्द प्रकल्प. १९८३ चा अंदाज होता ३७२ कोटी रुपयांचा. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. भंडारा, नागपूर, चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजायची होती. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला. अंदाज चढत चढत १८ हजार कोटींच्या वर गेला. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेल्या मुलांची मुलं आज शाळेत आहेत, कालव्यांची कामं आणि पुनर्वसनाचे प्रश्न त्यांच्याही कानावर पडत असतात. ज्यांची घरं बुडाली त्यांनी आपला वाटा पहिल्याच हप्त्यात दिला. ज्यांच्यासाठी ती बुडवली, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या बांधावर पाणी यायला पिढी गेली.

याच्या मागे कुणी एक खलनायक शोधायची गरज नाही. सुरू करण्यात प्रत्येकाचा लाभ आहे. आमदाराला कोनशिला, खात्याला पदं, ठेकेदाराला काम, गावाला आशा. पूर्ण करण्यातला लाभ मात्र फक्त टेलच्या शेतकऱ्याचा असतो, आणि मंजुरीच्या एकाही बैठकीत तो नसतो.

सगळ्या राज्यांना किंवा सगळ्या भागांना हा उशीर सारखा वाट्याला येत नाही. कुणाचं आधी होतं, कुणाचं राहतं. महाराष्ट्राने त्या राहिलेल्यासाठी खास शब्द घडवला, 'अनुशेष'. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये तो रुपयांत मोजला, ३,१८६ कोटींहून जास्त. विदर्भ-मराठवाड्याच्या राजकारणात हा शब्द आजही तितकाच जिवंत आहे. याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये दाखवून दिलं होतं की १९६०-६१ साली ग्रामीण भागातल्या ४० टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना पुरेसं खाण्याइतकाही खर्च परवडत नव्हता. दोन योजना पूर्ण होतानाची ही स्थिती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरीत ती दिसत नव्हती. ताटात काय पडतं हे कुणीतरी मोजलं तेव्हा ती दिसली.

मोजायचं काय, हा प्रश्न आमच्या चारीपर्यंत येतो. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात दोन वेगळे आकडे असतात, निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र. पहिला आकडा खोदकामावरून निघतो, दुसरा पिकावरून. योजनेचं यश बहुतेक वेळा पहिल्यावर मोजलं जातं. २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून असं दिसलं की दशकभरात ओलिताखालच्या क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं, आणि त्या काळात खर्च हजारो कोटींचा झालेला. मोठं वादळ उठलं. सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि वाढ त्याहून बरीच जास्त असल्याचं सांगितलं. तेव्हाच्या राजकारणात मला जायचं नाही. पण राज्याची किती जमीन भिजते, या साध्या प्रश्नाला एकाच सरकारच्या दोन कागदांतून दोन उत्तरं यावीत, यातच योजनेचा पाया किती भुसभुशीत असतो ते कळतं.

मागेल त्याला काम

चाललेली गोष्टही सांगायला हवी, आणि ती आपल्याच मातीतली आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात ही हमी राज्यभर गेली. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला ते अजून सुकडी आणि लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी आठवतात, आणि खडी फोडण्याची कामंही. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा याच पायावर उभा राहिला.

हिच्यात वेगळं काय होतं? योजना वरून उद्दिष्ट ठरवत नव्हती. तालुक्यात किती माणसं कामाला येणार हे तहसीलदाराने ठरवायचं नव्हतं, मजुराने काम मागायचं होतं. मागणी नोंदवली की पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारभत्ता. पाऊस चांगला झाला की माणसं आपोआप शेतात परतायची आणि खर्च खाली यायचा. दुष्काळ पडला की हजेरीपट भरायचे आणि खर्च वर जायचा. हजेरीपट हीच आकडेवारी होती, रोजची आणि गावोगावची. कामांचे आराखडे आधीच तयार करून ठेवायचे होते. पैशाचीही वेगळी सोय होती. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दर महिन्याला जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ मध्ये याच हमीसाठी सुरू झाला. मुंबईतल्या कारकुनाचे काही रुपये थेट पाझर तलावावरच्या बाईच्या मजुरीला जोडले गेले.

खोट्या हजेऱ्या लागल्या, मजुरी थकली, अर्धवट विहिरी राहिल्या. सगळं खरं आहे. पण काम मागणाऱ्याला कायद्याने 'हो' म्हणावं लागतं, हे इतर योजनांत कुठेच नव्हतं. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहिमेत योजनेच्या पैशातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा थेट स्थानिक संस्थांकडे दिला, तेव्हा तिथेही अशीच दिशा होती. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने देशभर पंचायती आणि नगरपालिकांना घटनेचा आधार मिळाला आणि जिल्हा नियोजन समित्या आल्या. आपल्याकडे मात्र जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि तिची, बोलीतल्या 'डीपीडीसी'ची, बैठक गाजते ती बहुधा कुणाला किती निधी मिळाला यावर, कुठलं काम अडलं आहे यावर क्वचित.

१५ ऑगस्ट २०१४ रोजी नियोजन आयोग गुंडाळण्याची घोषणा झाली, १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. राज्यांना पैसा वाटण्याचं काम त्याच्याकडे नाही. बारावी योजना २०१७ मध्ये संपली, तेरावी आलीच नाही. विद्यार्थी विचारतात, "मग आता नियोजन कोण करतं?" मी त्यांना आपापल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मागून आणायला सांगतो. आराखडा हाती आला की आम्ही एकच रकाना बघतो, मागच्या वर्षी घेतलेल्यांपैकी किती कामं पूर्ण झाली. बऱ्याच आराखड्यांत तो रकानाच नसतो.

मामाने काही वर्षांपूर्वी रोजगार हमीतून विहीर घेतली. खोदाईची मजुरी वेळेवर मिळाली, बांधकामाचा शेवटचा हप्ता अडला, म्हणून वरचं कडं त्याने पदरच्या पैशाने बांधलं. पाणी चाळीस फुटांवर लागलं. त्या पाण्यावर आता मोसंबीची दीडशे झाडं आहेत. विहीर चारीच्या अलीकडे, मोसंबी पलीकडे. म्हणून मामाने दोन बाभळींच्या बेचक्यांत पाइप टेकवून तो चारीवरून पलीकडे नेला आहे.